ऋणाचे घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ज्या काळी ती रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा गृहस्थ आयुष्यभराची शिल्लक गाठीस बांधून मगच पायाचा दगड बसवीत असे. आणि तरीही काम पुरे होता होता त्याची गाठ रिकामी होई. आज शहरातील मध्यम स्थितीच्या मनुष्यावर घर बांधून पाहण्याचा प्रसंग बहुधा येत नाही. तो घर विकत घेतो. आणि विकत घेतो म्हणजे वीस वर्षांच्या हप्त्यांवर सही करतो. म्हणीतील कष्ट कायम आहेत. फक्त पूर्वी ते आधी सोसावे लागत, ते आता मागाहून सोसावे लागतात. या फेरबदलाने आपल्या नीतिविचारातही काही फेरबदल झाला आहे की काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार आमच्या मनात आला तो एका स्नेह्यांच्या बोलण्यावरून. हे गृहस्थ मुंबईत नोकरीस असून त्यांनी काही वर्षांपूर्वी कर्ज काढून बदलापुरास दोन खोल्यांचे घर घेतले. आपल्याच इमारतीतील एक घर आपण दिलेल्या किमतीच्या दुपटीने विकले गेले, ही वार्ता सांगावयास ते एके दिवशी मोठ्या आनंदाने आमच्याकडे आले. ‘आपली इस्टेट दुप्पट झाली’, असे ते म्हणाले. पुढे वर्षभराने तेच गृहस्थ खिन्न होऊन आले. चिरंजीवांचे लग्न ठरले होते. त्याच वस्तीत वेगळे बिऱ्हाड करावे म्हटले, तर मुलाच्या पगारात घराचा हप्ता बसेना. ‘काय हे भाव! माणसाने राहावे तरी कोठे?’ असा उद्गार त्यांनी काढला. ज्या भाववाढीने आदल्या वर्षी हर्ष झाला, तिनेच या वर्षी विषाद झाला. ही विसंगती त्यांना जाणवली नाही. आणि खरे सांगावयाचे तर, ते उठून जाईपर्यंत आम्हांसही जाणवली नव्हती.

कल्याण स्थानकापुढे लोहमार्गास दोन फाटे फुटतात. त्यांतील कर्जतकडे जाणाऱ्या फाट्यावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन गावे ओळीने लागतात. घराशी मनुष्याचे जे निरनिराळे संबंध असू शकतात, ते या तीन गावांच्या इतिहासात जणू क्रमाने मांडून ठेवले आहेत. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व टाकून आलेल्या कुटुंबांस तेथील बराकींत आसरा मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नामकरण झाले. तेथे घर म्हणजे प्रथम आश्रय होता. अंबरनाथास १०६० सालचे शिलाहारकालीन शिवालय आहे. पण त्या गावाची आधुनिक वाढ झाली ती आगपेट्यांच्या व शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांभोवती. तेथे घर म्हणजे कामाजवळची विसाव्याची जागा होती. बदलापुराविषयी असे सांगतात की, प्रवासी तेथे घोडे बदलीत म्हणून त्यास ते नाव पडले. आज तेथे, आणि आता शेजारच्या दोन्ही गावांतही, मुख्यतः ते लोक येतात ज्यांना मुंबई परवडली नाही, मग ठाणे परवडले नाही, मग डोंबिवलीही परवडली नाही. त्यांच्या घराची जागा कामाने ठरविलेली नाही, नात्याने ठरविलेली नाही. ती हप्त्याने ठरविली आहे.

आता कर्ज काढणे हेच मुळात निंद्य आहे काय? आपली जुनी शिकवण ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ अशी आहे. तथापि त्याच परंपरेने मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा व पितरांचा ऋणी असतो असेही मानले. म्हणजे ऋण असणे हा दोष नव्हे. ते न फेडणे हा दोष. आणि घेणाऱ्यास बंधन होते तसे देणाऱ्यासही होते. व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्रात आहे आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मान्य केला होता. हे बंधन जेथे नाममात्र उरले तेथे काय झाले, ते १८७५ साली सुपे येथे दिसले: शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा निघाला. तुकोबांनी वाट्यास आलेली खते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. ती कथा आपणांस इतकी प्रिय आहे याचा अर्थ हाच की, येणे असलेल्या मनुष्यानेही आपल्या येण्याकडे नैतिक दृष्टीने पाहावे, असे या समाजास मनातून वाटत आले आहे.

आजचा ऋणको त्या शेतकऱ्यासारखा अडाणी नाही, आणि आजचा धनको त्या सावकारासारखा मनमानी करणारा नाही, हे आम्ही प्रथम मान्य करतो. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी मुंबईस घरकर्जासाठी स्वतंत्र संस्था काढली, तेव्हा नोकरदारास घर लाभावयाचे ते बहुधा निवृत्तीच्या वेळी, भविष्यनिर्वाह निधी हाती आल्यावर. मुले मोठी होऊन पांगल्यावर मिळालेल्या घराचा उपयोग किती? तिशीतल्या मनुष्यास घर मिळू लागले हे दीर्घ मुदतीच्या कर्जाने केलेले मोठे कल्याण आहे. कर्जाची निंदा करणाऱ्याने हे विसरू नये.

परंतु कल्याणाची किंमतही मोजून पाहावी. तीस लाख रुपये कर्ज, वीस वर्षांची मुदत आणि साडेआठ टक्के व्याज धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजात जातात. मुद्दलात जमा होतात ते अवघे ४,७८५. वीस वर्षांत एकंदर सुमारे साडेबासष्ट लाख रुपये भरले जातात. म्हणजे दिलेले व्याज मुद्दलाहून अधिक होते. हा दामदुपटीचा भंग आहे असे मात्र आमचे म्हणणे नाही. तो नियम थकबाकीपुरता होता, आणि हे व्याज महिन्याच्या महिन्यास फिटत असते. आमचे म्हणणे इतकेच की, ‘व्याज मुद्दलाला लागले’ या शब्दांनी आपल्या आजोबांस जी धडकी भरत असे, ती आपणांस मुळीच भरत नाही; आणि ती का भरत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट व्याजदराची. तो आता बहुधा बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधीत रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ज्याने सात टक्क्यांनी तीस लाख घेतले त्याचा हप्ता २३,२५९ रुपये होता. तोच दर साडेनऊ झाला की एका महिन्याचे नुसते व्याज २३,७५० रुपये होते. हप्ता तेवढाच ठेवला, तर मनुष्य दरमहा बिनचूक पैसे भरीत राहील आणि त्याचे कर्ज दरमहा वाढत जाईल! मुदत वाढविताना असा प्रकार होऊ नये आणि हप्ता वाढवावा की मुदत, हे ठरविण्याची मोकळीक ऋणकोस असावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थांस बजाविले, हे योग्यच झाले. दामदुपटीमागील विवेक अगदीच नष्ट झालेला नाही, तो कार्यालयीन भाषेत बोलू लागला आहे, एवढेच.

हप्त्याखेरीज आणखी एक देणे आहे. ते कोणत्याही उताऱ्यात दिसत नाही. बदलापुराहून मुंबईस जाण्यास लोकलने सुमारे दीड तास लागतो. जाऊन-येऊन तीन तास, आणि वर्षाचे २८० दिवस धरले, तर वीस वर्षांत १६,८०० तास होतात. म्हणजे अहोरात्र मोजलेले सातशे दिवस. घर स्वस्त मिळाले असे आपण म्हणतो. वस्तुतः किमतीचा काही भाग रुपयांऐवजी आयुष्यात फेडावयाचा ठरला असतो.

इतके देऊनही मनुष्यास तक्रार का नसते? आमच्या मते याचे कारण हे की, आपण घर घेत नसून संपत्ती करीत आहोत, अशी त्याची समजूत झालेली असते. व्याज दुप्पट गेले तरी भाव तिप्पट होईल, या भरवशावर तो निश्चिंत असतो. मूळ प्रश्न येथेच आहे. राहत्या घराचा भाव दुप्पट झाल्याने त्यात एका खोलीची भर पडत नाही, की पावसाळ्यातील गळती थांबत नाही. ते विकावे, तर दुसरे तितक्याच भावाने घ्यावे लागते. मग वाढलेली किंमत येते तरी कोणाकडून? ज्यास अद्याप घर नाही त्याच्याकडून. आणि तो पुष्कळदा आपलाच मुलगा, पुतण्या किंवा घरी कामास येणारी बाई असते. जो तो अधिक कर्ज काढू शकला म्हणजे जो तो अधिक बोली बोलू शकतो; जमीन मात्र तेवढीच राहते. अशा रीतीने खरेदीदारास दिलेल्या सवलतीचा मोठा हिस्सा अखेरीस जमिनीच्या मालकाच्या पदरात पडतो.

आणि ज्यास कर्जच मिळत नाही त्याचे काय? उल्हासनगरात निर्वासितांच्या बराकींच्या जागी पुढे अनेक मजली इमारती उठल्या आणि त्यांतील पुष्कळ विनापरवाना होत्या. त्या नियमित करण्यासाठी २००६ साली राज्यास त्या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींतील स्लॅब कोसळून माणसे मरण पावली. कागद निर्वेध नसलेल्या घरावर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि तिने देऊही नये. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, ज्याची ऐपत थोडी तो पुंजी मोडून किंवा अधिक व्याजाने खाजगीत पैसे उचलून, सर्वांत धोक्याचे घर घेतो. पूर्वी ज्या गावाने परक्यास बराकीत आसरा दिला, त्याच गावात आज आसरा मिळतो तो असा. कोण्या एकाचा हा दोष नव्हे. घरास आधी संपत्ती आणि मग आश्रय मानण्याच्या सार्वत्रिक बुद्धीचे हे फळ आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुद्र नाही. ‘आम्हांस पेन्शन नाही; म्हातारपणी मुले जवळ असतील याची शाश्वती नाही; घर हाच आमचा विमा. त्याचा भाव वाढावा असे वाटणे हा लोभ कसा?’ खरोखरच तो लोभ नव्हे, ते भय आहे. आणि भयास उपदेशाने उत्तर देता येत नाही. शिवाय भाव एकाएकी उतरले, तर ज्याचे कर्ज घराच्या किमतीहून अधिक होईल तो हकनाक बुडेल. म्हणून भाव कोसळावेत अशी प्रार्थना आम्ही करीत नाही. परंतु वृद्धापकाळाची तजवीज हा एक प्रश्न आहे आणि निवारा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या बोकांडी बसविल्याने एका पिढीचे भय तेवढे दुसऱ्या पिढीच्या माथी जाते.

या दोहोंची फारकत अशक्य आहे असेही नाही. १९१५ साली मुंबईत गावदेवीस श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नाने सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा इमारत संस्थेची आणि सभासद तिचे भाडेकरू, अशी कल्पना होती. त्या व्यवस्थेत मनुष्यास घर होते, स्थैर्य होते, शेजार होता. शेजाऱ्याच्या अडचणीतून मिळणारा नफा तेवढा नव्हता. आज सहकारी संस्था हे नाव बहुतेक इमारतींच्या पाटीवर आहे. त्यामागील ही कल्पना पाटीवरून आत फारशी आलेली नाही. सरकारने व महामंडळांनी भाड्याची घरे पुरेशी बांधावीत, विनापरवाना इमारतींतील रहिवाशांस निर्वेध कागद व भक्कम भिंत मिळावी, ही मागणी तर केलीच पाहिजे. पण ती मागणी मनापासून करावयाची, तर आपल्या घराचा भाव त्यामुळे स्थिर राहील हे आधी पत्करले पाहिजे. एका हाताने स्वस्त घरांच्या अर्जावर सही करावयाची आणि शेजारच्या भूखंडावर ती होऊ लागली की दुसऱ्या हाताने हरकतीचा अर्ज लिहावयाचा, हे सभ्य गृहस्थांकडून घडते. आणि लग्न जुळविताना मुलाच्या विद्येच्या व वागणुकीच्या आधी ‘स्वतःचा फ्लॅट आहे का?’ असे विचारणारेही आपणच असतो.

आमचे ते स्नेही मागील महिन्यात पुन्हा भेटले. चिरंजीवांनी तूर्त अंबरनाथास भाड्याची जागा घेतली आहे. प्रथम त्यांना ती गोष्ट कमीपणाची वाटली होती. आता मुलगा व सून रविवारी जेवावयास येतात आणि हप्त्याच्या चिंतेवाचून जेवतात, यात ते समाधान मानतात. इमारतीत एखादे घर विकले गेले की त्याचा भाव विचारण्याची त्यांची सवय मात्र सुटलेली नाही. फरक इतकाच की, विकणाऱ्यास किती मिळाले हे कळल्यावर ते आता आणखी एक प्रश्न विचारतात, ‘घेणाऱ्याला किती वर्षे फेडावे लागणार?’