वाट पाहणे आणि बरोबर चालणे

प्रवासाला सोबत असावी, असे आपण सर्वच म्हणतो. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात ज्ञानी मनुष्याने एकट्यापेक्षा दोघांचे बरे असते असे सांगून त्याचे कारणही दिले आहे. एकजण पडला तर उठवायला दुसरा असतो. परंतु यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पडणाऱ्याला उठवायचे तर उठवणारा हाताच्या अंतरावर हवा. तो मैलभर पुढे निघून गेला असेल, तर दोघे असूनही प्रत्येकजण एकटाच. हा साधा विचार मला शास्त्राभ्यासाच्या वर्गात कधी सुचला नाही. तो मला पेडणे तालुक्यातील एका चढावर, सायकलवरून उतरून, मान खाली घालून शिकावा लागला.

ही गोष्ट २०१६ सालच्या जानेवारीतील. आमच्या मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ आणि मी असे दोघे मुरगावहून कोल्हापूरला सायकलने निघालो. त्यांना आम्ही सर्वजण अण्णा म्हणतो. ते त्या वेळी बावन्न वर्षांचे होते, मी अडतीस वर्षांचा. माझी सायकल गिअरची. अण्णांची साधी, काळी, जिच्यावर वीस वर्षे त्यांनी वास्कोत कामावर जाणे-येणे केले ती. गुरुवारी निघून पहिला मुक्काम सावंतवाडीला, दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट चढून आजरा आणि शनिवारी संध्याकाळी कोल्हापूर, असा बेत होता. रविवारी सकाळी तिथल्या एका मंडळीत मला संदेश द्यायचा होता. विषयही ठरला होता : गलतीकरांस पत्र, अध्याय सहावा, एकमेकांची ओझी वाहणे.

पहाटे साडेपाचला प्रार्थना करून निघालो. चिखली, दाबोळी, सांकवाळ मागे टाकून कुठ्ठाळीला उतरलो, तेव्हा जुवारीच्या पाण्यावर उजाडू लागले होते. तिथला जुना पूल १९८३ साली झाला. त्याच्या शेजारचा मोठा नवा पूल २०२२ साली वाहतुकीला खुला झाला, तो तेव्हा नव्हता. पुलावरून जाताना अण्णा म्हणाले की, पूल होण्याआधी कुठ्ठाळीहून आगशीला फेरीबोटीने जावे लागे आणि मोटारवाला असो की डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण असो, पलीकडे सर्वजण एकाच वेळी पोहोचत. मी हसलो आणि पुढे निघालो. ते काय म्हणत होते, त्याकडे माझे लक्ष नव्हते.

पणजीच्या पुढे मांडवी ओलांडली की पर्वरीचा चढ लागतो. मी गिअर बदलला आणि चढून गेलो. वर एका झाडाखाली बसून पाणी प्यायलो, घाम पुसला, खाली नजर टाकली. अण्णा उतरून सायकल ढकलीत येत होते. ते जवळ आले तसा मी उठलो आणि म्हणालो, "चला अण्णा, निघू या." ते काही न बोलता सायकलवर बसले. म्हापशापर्यंत आणि म्हापशाच्या पुढेही असेच चालले. प्रत्येक चढावर मी पुढे जावे, वर थांबावे आणि ते आले की निघावे. माझ्या सहनशीलतेचे मला मनातल्या मनात कौतुक वाटत होते. दुसरा एखादा असता तर केव्हाच निघून गेला असता, मी मात्र दर वेळी थांबतो आहे! त्याबरोबरच दुसरा विचारही येत होता. यांना उद्या आंबोलीचा घाट कसा जमणार? आणि रविवारच्या संदेशाचे काय?

कोलवाळला शापोरा नदीचा पूल ओलांडून आम्ही पेडणे तालुक्यात शिरलो, तेव्हा दुपारचा बारा-साडेबाराचा सुमार होता. समुद्राकडून वारा सुटला होता आणि तो समोरून लागत होता. पुढे धारगळचा चढ. मी वर जाऊन पिंपळाच्या सावलीत बसलो. दहा मिनिटे झाली, वीस झाली. फोन केला, तो उचलला नाही. मी घड्याळाकडे पाहिले आणि देवाजवळ धीर मागितला. आज त्या प्रार्थनेची लाज वाटते. कारण धीर धरण्याची नव्हे, परत फिरण्याची ती वेळ होती. पाऊण तास झाल्यावर मी सायकल वळवली.

मैलभर खाली, रस्त्याच्या कडेला, शहाळी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या खोपटात अण्णा आडवे पडले होते. दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन ते सायकलवरून पडले होते. कोपर खरचटले होते, चेहरा पांढरा पडला होता. त्या बाईने आपला धंदा बाजूला ठेवून त्यांना शहाळ्याचे पाणी दिले होते, घरून मीठ घातलेली पेज आणवली होती आणि ती त्यांच्या उशाशी पदराने वारा घालीत बसली होती. ती आपल्या धर्माची नव्हती. अण्णांचे नावही तिला ठाऊक नव्हते. ती त्यांच्याजवळ बसली होती आणि मी, त्यांचा सोबती, मैलभर पुढे बसलो होतो.

मी म्हणालो, "अण्णा, मी तर वर वाट पाहत होतो."

अण्णांच्या बोलण्यात राग नव्हता. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही सकाळपासून वाट पाहताच आहात. पण मी आलो की तुम्ही उठता."

वाचकहो, या एका वाक्यात माझा सारा हिशेब होता. सकाळपासून मी आठ-नऊ वेळा थांबलो होतो, म्हणजे आठ-नऊ वेळा मला विसावा मिळाला होता. अण्णांना एकदाही मिळाला नव्हता. ज्याला विसाव्याची गरज कमी, त्याला तो पुष्कळ. ज्याला जास्त, त्याला मुळीच नाही. आणि याला मी सहनशीलता समजत होतो!

त्या दिवसापासून ही गोष्ट मला जागोजागी दिसते. आमच्या शब्बाथशाळेत शिक्षक वचनाचा संदर्भ सांगतो. हुशार मुले लगेच पान काढून बसतात. एखादे मूल चाचपडत राहते. शिक्षक प्रेमाने थांबतो. त्या मुलाला पान सापडते न सापडते तोच वाचन सुरू होते. शिक्षकाला वाटते, मी सर्वांसाठी थांबलो. मुलाच्या वाट्याला मात्र धाप तेवढी येते, वचन येतच नाही. मंडळीतही असेच होते. विधवा बहिणीला वर्गणी भरायला आपण मुदत देतो. ती कशीबशी भरते, तोच पुढची वर्गणी जाहीर होते. घरात कोणी वारले तर आपण महिनाभर सांत्वनाला जातो आणि ते माणूस प्रथम उपासनेला आले की म्हणतो, "बरे झाले, सावरलात." म्हणजे ते पोहोचले आणि आपण उठलो.

इथे कोणी विचारील, प्रत्येकाने आपले पाय आपणच चालवायचे नाहीत काय? गलतीकरांच्या त्याच सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगणारा पौल पाचव्या वचनात प्रत्येकाने स्वतःचा भार वाहिला पाहिजे असेही सांगतो. पदविकेच्या अभ्यासात या दोन वचनांचा मेळ मी टिपणे काढून पाठ केला होता. तो मला समजला सायकलवर. पायी चालणाऱ्याला हात देता येतो, प्रसंगी खांद्यावर घेता येते; सायकलवाल्याचे पायडल दुसऱ्याला मारता येत नाही. पण वारा समोरून असेल तर पुढचा माणूस तो आपल्या अंगावर घेतो आणि मागच्याला सायकल चालवणे पुष्कळ हलके जाते. लांबच्या शर्यतींत सायकलस्वार एकामागोमाग चिकटून जातात ते याचसाठी. मात्र हा आडोसा चाकभर अंतरावरच मिळतो. पुढचा माणूस शंभर पावले पुढे गेला की त्याच्या पाठीचा मागच्याला काही उपयोग नाही. भार ज्याचा त्याने वाहायचा, वारा मात्र बळकटाने आपल्या छातीवर घ्यायचा, आणि त्यासाठी त्याने दुबळ्याच्या जवळ राहिले पाहिजे. पौलाची दोन वचने माझ्या मनात अशी एकत्र आली.

उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात याकोब आणि एसाव यांची भेट झाल्यावर एसाव म्हणतो की आपण बरोबर जाऊ, मी तुझ्यापुढे चालतो. त्याच्याजवळ चारशे माणसे आहेत. याकोब नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, दुभती जनावरे आहेत, एक दिवस जरी दौडवली तरी कळप मरेल. म्हणून गुराढोरांच्या आणि मुलांच्या चालीने मी हळूहळू येईन, असे तो सांगतो. याकोब पुढे सेईरास न जाता सुक्कोथाला गेला, तेव्हा त्याच्या बोलण्यात भावाविषयीची भीतीही असेल. तरीपण या अध्यायाच्या आधीची रात्र आपण विसरू नये. पनीएल येथे त्याच्या जांघेला धक्का लागला होता आणि तो लंगडत चालत होता. जन्मभर दुसऱ्याच्या पुढे जाण्याची धडपड करणारा, आईच्या पोटातून भावाची टाच धरून आलेला हा माणूस स्वतः लंगडू लागल्यावर मुलांच्या चालीविषयी बोलतो. आपणही स्वतः थकेपर्यंत दुसऱ्याचा थकवा ओळखत नाही.

आणि अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात अमालेकाची आठवण ठेवण्याची आज्ञा आहे. कारण त्याने वाटेवर थकूनभागून मागे पडलेल्यांना गाठून मारले. अमालेकाचे पाप मोठे खरेच. पण ते वाचताना आता मला वाटते, पुढे गेलेल्यांपैकी कोणी मागे वळून पाहिले होते काय?

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सर्व काम नेहमी सर्वांत मंद माणसाच्या चालीनेच चालावे काय? १९२३ साली सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलने जगप्रवासाला निघाले. १९२८ साली प्रवास पुरा करून आले ते तिघेच. बाकीच्यांसाठी सर्वांनीच प्रवास सोडायला हवा होता, असे कोण म्हणेल? योहान मार्क पंफुल्यातून परत फिरला, तेव्हा पुढच्या फेरीत त्याला बरोबर घेण्यास पौलाने नकार दिला. त्याला काम दिसत होते. बर्णबाला माणूस दिसत होता. दोघांत तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला. या वादात कोणाचे बरोबर, हे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेले नाही. पण पुढे तीमथ्याला लिहिताना तोच पौल मार्काला घेऊन ये म्हणतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणतो. मार्क उपयोगी कसा झाला? मधल्या वर्षांत कोणीतरी त्याच्या चालीने चालले म्हणून, असे मला वाटते. वेग वेगळे असले तर वाटा वेगळ्या होणे हे दर वेळी पाप नाही. पण एकाच वाटेवर असताना मागच्याला सोडून द्यायचे आणि त्याला सोबत म्हणायचे, ही फसवणूक आहे.

त्या रात्री आम्ही सावंतवाडी गाठली नाही. पेडण्यातच मुक्काम केला. झोपण्यापूर्वी मी कोल्हापूरला फोन करून रविवारी पोहोचणे होणार नाही असे कळवले. तिकडून नाराजी दिसली आणि ती योग्यच होती. दिलेला शब्द मी मोडत होतो. एकाचे ओझे उचलताना दुसऱ्याच्या खांद्यावर काही ठेवावेच लागते, हेही त्या रात्री कळले.

सकाळी अण्णांची पिशवी मी माझ्या कॅरिअरला बांधली. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाशी उतरून दोघेही उभे राहिलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही इथून गोव्यात शिरत असताना पोर्तुगिजांनी गोळीबार केला. मृत्यू पावलेल्यांत पंजाबातून आलेले कर्नेलसिंह होते. ज्या माणसांशी नाते नाही, ज्या गावाशी ओळख नाही, त्यांच्यासाठी ते इतक्या दुरून चालत आले होते. आणि मला एका चढावर मागे येववत नव्हते!

तिथून पुढे मी चाकभर पुढे राहिलो आणि कानाने मागे पाहू लागलो. अण्णांच्या साखळीचा करकर आवाज ऐकू येईनासा झाला की मी पाय सैल सोडीत असे. थांबलो की आधी ते बसत. निघायचे केव्हा, ते तेच सांगत. आंबोलीचा बराचसा घाट आम्ही दोघांनीही सायकली ढकलीत चढला. कोल्हापूरला पोहोचलो तेव्हा रविवारची संध्याकाळ झाली होती. उपासना सकाळीच झाली होती. ओझी वाहण्यावरचा तो संदेश मी तिथे कधीच दिला नाही.

लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य अम्माऊसकडे चालले आहेत. ते निराश आहेत आणि यरुशलेमाकडे पाठ करून निघाले आहेत. पुनरुत्थित प्रभू पुढे जाऊन अम्माऊसच्या वेशीवर त्यांची वाट पाहत बसला नाही. तो त्यांना वाटेत गाठतो, त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐकतो. चाल त्यांची आहे, पाय त्याचे आहेत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येत्या रविवारी जे मूल सर्वांत शेवटी पान काढील, त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला पान सापडल्यावर लगेच वाचायला सुरुवात करू नका. त्याला एक श्वास घेऊ द्या. मग त्यालाच विचारा, "निघू या का?"