आधी आसरा, मग नाव

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. परंतु जो एकच रात्र मुक्काम करतो तो अतिथी, असा जो दुसरा अर्थ मनुस्मृतीत दिलेला आहे, तो मला कल्याण जंक्शनच्या फलाटावर अपरात्री उतरणारी, घर सोडून आलेली मुले पाहिली म्हणजे हटकून आठवतो. कसाऱ्याकडून आणि कर्जतकडून येणारे दोन्ही लोहमार्ग या ठिकाणी मिळतात, आणि मुंबईच्या ओढीने निघालेले एखादे मूल तिकीट तपासनिसाच्या धास्तीने, भुकेने किंवा निव्वळ थकव्याने पुष्कळदा येथेच उतरते.

गेल्या पावसाळ्यात असाच एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मी पाहिला. त्याच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून, एक कार्यकर्ता बसला होता आणि दोघांच्या मध्ये बाकावर कागदात वडापाव होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलाने पाव अर्धा मोडला, एक तुकडा खाल्ला आणि दुसरा पुढच्या वेळेसाठी म्हणून खिशात घातला. "खा रे बाळा, अजून आणतो," एवढेच तो गृहस्थ म्हणाला. पुढे नाव विचारल्यावर मुलाने एक सांगितले, पोलिसांच्या दफ्तरात दुसरेच लिहवले, आणि दोन्ही खोटी होती.

जो आपली ओळख लपवतो, त्याला आश्रय मागण्याचा अधिकार उरतो काय? छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाला गुरूने गोत्र विचारले, तेव्हा आईने जे सांगितले तेच, म्हणजे गोत्र ठाऊक नाही हे, त्याने निःशंकपणे सांगितले आणि त्या सत्यापोटीच गौतमाने त्याला स्वीकारले. ही कथा आपण सत्याच्या माहात्म्याची म्हणून वाचत आलो. परंतु सत्यकामाच्या पाठीशी त्याची आई जबाला उभी होती, हे आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. ज्या मुलाला आपले खरे नाव म्हणजे पुन्हा त्याच मारहाणीकडे ओढून नेणारा दोर वाटतो, त्याच्याकडून आश्रयाचे मोल म्हणून सत्य वसूल करणे हा, माझ्या मते, अधर्म आहे. निर्भयता अगोदर, सत्य तिच्या पाठोपाठ.

या बाबतीत कायदा समाजापेक्षा धर्माच्या अधिक निकट आहे, हे मी कौतुकाने नमूद करतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने अशा मुलाला गुन्हेगार न मानता काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानले, प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे रुजू करण्याची तजवीज केली, आणि अल्पकाळच्या निवाऱ्यासाठी खुल्या आश्रयगृहांची तरतूद केली. ठाण्याच्या समतोल फाउंडेशनचे विजय जाधव आणि त्यांचे सहकारी रेल्वे स्थानकांवर अशा मुलांना गाठतात, कल्याणजवळ मामणोलीला मनपरिवर्तन शिबिरात ठेवतात आणि मग आईबापांच्या स्वाधीन करतात. मन पालटायचे ते मात्र केवळ मुलाचे नव्हे. पट्टा काढणाऱ्या बापाचेही पालटले पाहिजे.

डोंबिवलीत अशाच एका रात्रनिवाऱ्याच्या विचारासाठी भरलेल्या बैठकीस मी हजर होतो. वर्गणीला कोणी ना म्हटले नाही. परंतु जागेचा प्रश्न निघताच, आमच्या आळीत नको, असा सूर चोहीकडून उमटला. त्या मंडळींच्या दातृत्वाविषयी मला शंका नाही. तरीही आपल्या परंपरेने अतिथिसेवेची गणना केवळ दानांत न करता गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत केली, यातील मर्म त्या सायंकाळी मला प्रथमच उमगले: पैसा धाडून दान साधते, हा यज्ञ मात्र स्वतःचे दार उघडल्यावाचून घडत नाही.

त्या मुलाची हकीगत त्या कार्यकर्त्याकडून मला पुढे कळली. आश्रयगृहात रात्रभर निजून उठल्यावर सकाळी चहा देणाऱ्या बाईंना तो आपण होऊन म्हणाला, "आमची आई चहात आलं घालते." बाईंनी दुसऱ्या दिवशी आले ठेचून घातले. तो कप रिकामा झाल्यावर, कोणी काही विचारले नसताना, त्याने सांगितले ते आईचे नाव.