रातांब्याचे झाड



मागच्या रविवारी दुपारी महिला मंडळाबरोबर आम्ही सावर्ड्याला एका ओळखीच्या हिंदू कुटुंबाची बाग पाहायला गेलो होतो. बाग म्हणजे घरामागचे परसूच, पण एकाच आजींच्या हाताखाली वर्षानुवर्षे वाढलेले. जांभ्याच्या गडग्याला लागून अबोली, तगर, अनंत, जास्वंद. त्यांच्यामधूनच मिरची, आले, गवती चहा. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी. मागे नारळ-पोफळी आणि त्यांवर चढलेले मिरीचे वेल. फुलझाड कुठे संपते आणि भाजी कुठे सुरू होते ते कळत नाही. आपल्या चर्चच्या आवारात आम्ही दोरी धरून एकाच जातीची झुडपे ओळीने लावली, ती आठवून थोडी लाजच वाटली.

कोपऱ्यात रातांब्याची तीन झाडे होती. दोघांवर हिरवी फळे धरली होती, तिसऱ्यावर एकही नाही. आम्ही सहज म्हणालो, "आजी, हे तोडून टाकले तर जागा मोकळी होईल." त्या हसल्या. "फादर, तो नर आहे. त्याला रातांबे लागायचे नाहीत. पण तो नसला तर ह्या दोघींना तरी कुठून लागणार?"

आम्हाला हे ठाऊक नव्हते. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बी रुजवून वाढवलेले झाड सात-आठ वर्षांनी फुलावर येते, तोपर्यंत कोणते नर आणि कोणते मादी हे ओळखता येत नाही. कलमांची बाग लावतानाही दहांत एखादे नर कलम ठेवतात. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना प्रत्येक वस्तूचे प्रयोजन तिच्या फलावरून ओळखावे, असे उत्तर लिहून आम्ही चांगले गुण मिळवले होते. आजींच्या परसात त्या उत्तराला निम्मेच मिळाले असते.

प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दृष्टांत (लूक 13:6-9) आपण जाणता. मालक तीन वर्षे फळ शोधून कंटाळला आहे. माळी आणखी एक वर्ष मागतो, आणि नुसते मागत नाही, तर भोवती खणून खत घालायचे काम अंगावर घेतो. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे प्रभू सांगत नाही.

हे लिहिण्याचे कारण आहे. गेल्या महिन्यात आपल्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत, जी कुटुंबे मिस्सेला येत नाहीत आणि वार्षिक वर्गणी देत नाहीत त्यांची नावे नोंदवहीतून काढावीत, असा ठराव आला. आम्हीही मान डोलावली. त्या यादीत एक गृहस्थ आहेत. चर्चमध्ये ते आम्हाला कधी दिसले नाहीत. पण 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात पूर आला, तेव्हा पाणी ओसरताच आपला टेम्पो घेऊन घरोघरी तांदूळ आणि पिण्याचे पाणी पोहोचवणारे तेच होते. आपल्यापैकी काहींच्या घरीही. हे आम्हाला सभेनंतर समजले.

कौन्सिलला आम्ही एक वर्ष मागितले आहे. यादी आमच्या टेबलावर आहे. या बुधवारपासून संध्याकाळी सहानंतर आम्ही एकेका घरी जाणार आहोत. वर्गणीची पावतीपुस्तके सोबत नसतील. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. पहिले घर त्या टेम्पोवाल्यांचे आहे.

आपले धर्मगुरू