गणित ‘ए’, गणित ‘बी’

नेदरलँड्समधल्या शाळेच्या गुणपत्रिकेचे इंग्रजी भाषांतर हे दिसायला कारकुनी काम. दहा-बारा विषयांची नावे, पुढे दहापैकी गुण. पण कवितेच्या भाषांतराने घातले नाहीत इतके नैतिक पेच मला या कामाने घातले आहेत. कविता फसली तर वाचक हळहळतो. गुणपत्रिका भलतीच वाचली गेली तर अठरा वर्षांच्या कुणाचा तरी प्रवेश अडतो.

गणिताला डचमध्ये ‘विस्कुंडे’ म्हणतात. सिमॉन स्टेव्हिन (१५४८–१६२०) याने घडवलेल्या शब्दाचा हा वंशज. ‘विस’ म्हणजे निश्चित; तेव्हा ही निश्चिताची विद्या. शास्त्राने लॅटिनच्या दारात न जाता आपल्या भाषेत बोलावे, ही त्याची जिद्द होती. रसायनशास्त्राचे डच नाव ‘स्खेइकुंडे’, म्हणजे वेगळे करण्याची विद्या. इंग्रजीत हे सारे पुसले जाते, पण त्याची मला फारशी खंत नाही. प्रवेश-अर्ज तपासणाऱ्याला व्युत्पत्ती नको असते.

अडचण आहे ती नावापुढच्या एका अक्षरात. विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाखेच्या वरच्या वर्गांत गणित चार प्रकारचे असते. ‘ए’मध्ये संख्याशास्त्र आणि उपयोजनावर भर, अर्थशास्त्र, समाजशास्त्राकडे जाणारे बहुधा ते घेतात. ‘बी’ विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचे, त्यात कलन आणि भूमिती. ‘सी’ संस्कृतीविषयक शाखेसाठी, आणि ‘डी’ हा ‘बी’च्या जोडीला घ्यायचा ऐच्छिक विषय. ही अक्षरे प्रकार सांगतात, पायरी सांगत नाहीत. उलट ‘बी’ हेच अधिक अवघड मानले जाते. आता ‘मॅथेमॅटिक्स बी’ असे लिहिले, की दूरदेशीचा अधिकारी ते दुय्यम गणित समजण्याचा संभव. माझा शब्द अचूक, आणि त्याच्या मनात उमटलेले खोटे. मग खोटे बोलले कोण?

काही सहव्यवसायी म्हणतात, कागदावर आहे तेवढेच लिहावे, अर्थ लावणे वाचणाऱ्याचे काम. मला हे हात झटकणे वाटते. मी मूळ नाव तसेच ठेवते, शेजारी इंग्रजी देते आणि खाली एका ओळीची टीप: अक्षर अभ्यासक्रमाचा प्रकार दर्शवते, दर्जा नव्हे. मात्र पालक ‘अ‍ॅडव्हान्स्ड मॅथेमॅटिक्स’ लिहा म्हणतात तेव्हा मी नकार देते. गैरसमज टाळणे वेगळे, वकिली करणे वेगळे.

‘लेव्हन्सबस्खाउविंग’पुढे मात्र टीपही थकते. शब्दाची फोड केली तर ‘जीवनाकडे पाहणे’. धर्माच्या तासाला ‘खोड्सडीन्स्ट’ हा निराळा शब्द आहे, शब्दशः ईश्वरसेवा. धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच सरकारी पैसा मिळावा, हे त्या देशाने १९१७ साली राज्यघटनेतच लिहून टाकले. तिथे या दोन शब्दांतले अंतर किरकोळ नाही. ‘रिलिजस स्टडीज’ लिहिले तर एखाद्या निधर्मी मुलाच्या माथी धर्मशिक्षण बसते; ‘फिलॉसॉफी’ लिहिले तर न केलेल्या अभ्यासाचे श्रेय मिळते. मराठीत ‘जीवनदृष्टी’ म्हणून मी सुटले असते. (आपल्याकडचा ‘कार्यानुभव’ इंग्रजीत ‘वर्क एक्स्पिरियन्स’ होतो आणि शाळकरी मुलगा नोकरी करून आल्यासारखा वाटतो, हे आठवून हसू येते.) शेवटी मी ‘वर्ल्डव्ह्यू स्टडीज’ लिहिते. इंग्रजी कान ते पटकन ओळखत नाही, आणि मला तेच बरे वाटते. अनोळखी शब्दापाशी माणूस थबकतो, विचारतो. ओळखीच्या शब्दावरून तो सरळ पुढे निघून जातो.

टीपेचा मात्र एक जाच आहे. ‘ए’ गणित घेतलेल्या मुलीच्या कागदावर ती नसती, तर त्या अक्षराचा तिला आयता फायदा झाला असता. अधिकाऱ्याने ते वरच्या दर्जाचे समजले असते. तिने कुणाला फसवलेले नाही, पैसे तीच देते आहे, आणि टीप घाला असे मला कुणी सांगितलेले नाही. तिच्या कागदावरही मी तीच टीप, त्याच शब्दांत लिहिते.