उतारावरची अहिंसा

सुकापूरच्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले की प्रबळगड आणि त्याला लागून उभा असलेला कलावंतीणीचा सुळका दिसतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ठाकूरवाडीहून प्रबळमाचीमार्गे त्या सुळक्यावर माणसांची रीघ लागते. कातळात खोदलेल्या उंच उंच पायऱ्या, त्यांवर शेवाळ, बाजूला कठडा नाही, आणि चढणारे-उतरणारे सगळे एकाच वाटेवर. अशा जागी वरच्याचा पाय घसरला, किंवा त्याच्या बुटाखालून मुठीएवढा दगड सुटला, तर भोगावे खालच्याला लागते. तरीही अशा वाटेला निघालेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : माझा जीव आहे, मी बघून घेईन. हौसेखातर पत्करलेला धोका असा एकट्याचा असू शकतो का, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न या वाक्यात दडलेला आहे. माझे म्हणणे असे की उतारावर तो तसा नसतो, आणि तिथली बेफिकिरी ही, कोणाला साधे खरचटले नसले तरी, हिंसाच ठरते.

उतारावर कसे वागावे याचा सर्वांत बारकाईने विचार केला आहे तो बर्फावर घसरणाऱ्यांनी. गुलमर्ग, औली, सोलांगच्या सहलींत आता मराठी कुटुंबेही भाड्याच्या स्की पायांत अडकवून उभी राहतात, तेव्हा तो विचार आपल्यालाही परका राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 1967 मध्ये दहा आचारनियम ठरवले. पुढे स्नोबोर्डवाल्यांनाही तेच लागू झाले. त्यांतला कळीचा नियम तिसरा. मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होणार नाही. पुढचा नवशिका असो, वेडावाकडा वळत असो, जबाबदारी मागच्याचीच. कारण पुढच्याची त्याच्याकडे पाठ आहे. दोघांपैकी एकालाच दुसरा दिसतो, म्हणून ओझे त्या एकावर. स्नोबोर्डवाला फळीवर आडवा उभा असतो, त्यामुळे त्याच्या पाठीमागचा निम्मा उतार त्याला दिसतच नाही. पट्टे आवळायला तो मध्येच बसतो, आणि एखाद्या उंचवट्याच्या आड बसला तर वरून भरधाव येणाऱ्यालाही दिसत नाही. म्हणून अरुंद किंवा नजरेआडच्या जागी विनाकारण थांबू नये, हाही एक नियम आहे. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडची न्यायालये टकरींचा निवाडा करताना या नियमांचा आधार घेतात. मला यांत महत्त्वाचे वाटते ते हे की इथे कोण किती पटाईत याला किंमत नाही. ज्याला दिसते आणि ज्याच्या बाजूने उतार आहे, तो बांधील. कलावंतीणीच्या पायऱ्यांवर हे जसेच्या तसे लागू पडते.

आता कोणी म्हणेल, झाले तर काही नाही ना, मग हिंसा कसली? या आक्षेपाला जैन आचार्यांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्यात प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, हा आवश्यक घटक आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात : जीव मरो वा न मरो, बेफिकीर वागणाऱ्याकडून हिंसा झालीच, आणि जपून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली चुकून जीव गेला तरी त्याला हिंसेचे बंधन नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 मध्ये ‘नैतिक नशीब’ या नावाने जो पेच मांडला, तो हाच. दोघे सारख्याच बेपर्वाईने गाडी हाकतात, एकाच्या पुढ्यात मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. दोष वेगळा कसा? आपला कायदा मधोमध उभा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 125 इतरांचा जीव धोक्यात घालणारे बेदरकार कृत्य इजा झाली नाही तरी गुन्हा मानते, पण इजा झाली की शिक्षा वाढवते. कायद्याला परिणाम मोजता येतो, मन मोजता येत नाही, तेव्हा त्याची ही तडजोड समजण्यासारखी आहे. स्वतःचा हिशेब स्वतः मांडणाऱ्याला मात्र ती पळवाट मिळत नाही. ज्ञानेश्वरही तेराव्या अध्यायात अहिंसेबद्दल सांगताना थेट माणसाच्या चालण्यापर्यंत येतात, पाऊल कसे पडावे हे रंगवतात. अहिंसा म्हटले की आपल्याला उपोषणे आणि मोर्चे आठवतात. तिची सुरुवात तळपायापासून होते हे विसरायला होते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आसपास कोणी नाही, मी एकटाच बंदी असलेल्या धबधब्यावर किंवा हिमस्खलनाचा इशारा दिलेल्या उतारावर गेलो, तर मेलो तर मीच मेलो. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये ‘ऑन लिबर्टी’त स्वतःच्या देहावर माणसाचा जो अधिकार सांगितला, तो इथे पुढे केला जातो. तो अधिकार मला मान्य आहे. इथे तो लागू होत नाही, एवढेच म्हणणे आहे. कारण मागे कोणीतरी शोधायला येणार असते. जुलै 2024 मध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ एक तरुणी चित्रीकरण करताना दरीत कोसळली, आणि तिला वर काढण्यासाठी बचावपथके पावसात तासन्‌तास दोरावर होती. पनवेलची निसर्गमित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स यांसारख्या संस्थांमधली ही माणसे बहुतेक स्वयंसेवक, नोकरी-धंदा सांभाळून येणारी. डोंगराने बचाव करणाऱ्यांकडून काय वसूल केले हे इर्शाळवाडीने दाखवले. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगरातल्या त्या वाडीवर दरड कोसळली, त्यात गिर्यारोहकांच्या हौसेचा काडीचाही संबंध नव्हता. पण मदतीला भर पावसात ती चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. हाक आली की हे लोक येणार, चूक कोणाची हे विचारणार नाहीत. त्यांच्या या चांगुलपणाच्या भरवशावर ‘माझा जीव’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढण्यासारखे आहे.

ज्याची वेळ भरली त्याला कोण वाचवणार, असेही ऐकू येते. कर्मसिद्धान्ताची ही अर्धीच उजळणी झाली. प्रारब्धाच्या बरोबरीने त्याच सिद्धान्तात क्रियमाण कर्म, म्हणजे आत्ता हातून घडणारे कर्म, आहे, आणि निसरड्या पायरीवर समोरच्याला ढकलून पुढे जाणे हे त्या खात्यात पडते.

राहता राहिला तो आक्षेप : मुनींची मोजमापे सहलीला आलेल्या पोराटोरांना लावायची का? असे केले तर साहस नावाचे काही उरणारच नाही. इथे गृहस्थासाठी सांगितलेले अनर्थदंडव्रत पाहावे. जैन परंपरेने संसारी माणसाला शेती, व्यापार, स्वयंपाक यांत होणारी हिंसा बरीचशी समजून घेतली. जी निष्कारण होते ती मात्र टाळायला सांगितली, आणि तिच्या प्रकारांत प्रमादचर्या, म्हणजे उगाचची बेफिकिरी, स्वतंत्रपणे मोजली. याचा अर्थ मी असा लावतो की हौसेला कामापेक्षा अधिक सावध राहावे लागते. प्रबळमाचीचा ठाकर डोक्यावर ओझे घेऊन चढतो तेव्हा त्याच्यापाशी गरजेचे कारण असते. पाहुण्यापाशी ते नाही. तो कधीही थांबू शकतो, परत फिरू शकतो, पुढच्या रविवारी येऊ शकतो. साहस यामुळे मरत नाही. उलट बेफिकिरीचाच शेवट बंदीत होतो : दरवर्षी पावसाळ्यात कुठे ना कुठे जमावबंदीचे आदेश निघतात, धरणे-धबधबे बंद होतात, आणि पाहुण्यांना भाकरी-पिठले करून घालणाऱ्या घरांची चूल मंदावते. त्या घरांनी कोणाला ढकललेले नसते.

स्कीच्या दहा नियमांतले शेवटचे दोन अपघातानंतरचे आहेत : मदत करावी, आणि चूक आपली असो वा नसो, साक्षीदारानेही आपले नाव-पत्ता द्यावा. घसरणाऱ्याला पळून जाणे अगदी सोपे असल्यामुळे हा नियम लागला असावा. कलावंतीणीवर दगड कोणाच्या पायाने सुटला हे खालच्याला कधीच कळत नाही. धुक्यात वरून फक्त हसण्याचे आवाज येतात. जैन साधू चालून परतल्यावर ईर्यापथिकी म्हणतात, जाता-येता आपल्या पायांनी जे दुखावले गेले असेल त्याबद्दल क्षमा मागतात. काही मेलेले त्यांनी पाहिलेले नसते. पायाखाली काय आले असेल हे चालणाऱ्याला पुरते ठाऊक नसते, एवढे गृहीत धरूनच ते सूत्र रचलेले आहे.