‘तडा’ आणि ‘भेग’ : शब्दनिवडीची नैतिक बाजू

तडा, भेग, चीर, फट हे शब्द वरवर समानार्थी वाटतात. वापरात मात्र ते एकमेकांची जागा सहसा घेत नाहीत. तडा काचेला, मडक्याला, भिंतीला जातो. भेगा टाचांना आणि जमिनीला पडतात. तडा जाणारी वस्तू बहुधा घडवलेली असते आणि पूर्वी ती अखंड होती, हे गृहीत असते. म्हणूनच विश्वासाला तडा जातो, भेग पडत नाही. भेग ही आतल्या स्थितीची खूण असते. काळी जमीन उन्हाळ्यात ओल गमावून आकसते, भेगाळते. पावसात फुगून तिच्या भेगा मिटतात. तडा दिसला की घाव कोणी घातला असे विचारले जाते. भेग दिसली की ओल कोठे गेली असे.

‘गावाच्या एकोप्याला तडा गेला’ या परिचित वाक्यात हा भेद नैतिक रूप घेतो. एकोपा होता, हे त्यात न सांगता मान्य केले जाते. वाक्यात कर्ता नसल्यामुळे दोष शेवटी हालचाल करणाऱ्याकडे सरकतो. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून सर्वांना खुले केले होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी त्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. येथे ‘तडा’ हा शब्द योजला, तर पाणी नाकारणारा सुटतो आणि पाणी पिणारा भंजक ठरतो.

मग ‘भेग’ म्हणावे काय? त्यामुळे जुना अभाव दिसू लागतो, हे खरे. परंतु जमिनीचे सुकणे हा ऋतुक्रम आहे, त्यास अपराधी नसतो. पाणी नाकारणे ही मानवी कृती होती. तिला भेग म्हणणे म्हणजे अन्यायाला निसर्गाचे स्वरूप देणे होय. पहिला शब्द दोष चुकीच्या माथी मारतो, दुसरा तो पुसून टाकतो. अशा वेळी रूपक बाजूला ठेवून ‘नाकारले’ हे सकर्मक क्रियापद आणि त्याचा कर्ता लिहिणे, एवढेच प्रामाणिकपणाचे ठरते.

दलित साहित्याचा ‘परंपरेला तडे देणारे’ म्हणून गौरव करणाऱ्या समीक्षेनेही आपला शब्द तपासावयास हवा. ती परंपरा अखंड होती, असे कोणाच्या अनुभवावरून म्हणावयाचे?