दहा दिवसांची मुदत

1886 च्या मार्चमध्ये रशियातल्या स्मोलेन्स्क भागातून 19 माणसे पॅरिसला लुई पाश्चरच्या दारी आली. पिसाळलेल्या लांडग्याने त्यांना फाडले होते. काहींच्या जखमा इतक्या खोल होत्या की त्यांना थेट इस्पितळात न्यावे लागले. पाश्चरने दिवसातून दोनदा रेबीजच्या लसीच्या टोचण्या सुरू केल्या. तिघे दगावले, 16 जण वाचून घरी परतले.

लांडग्याच्या चाव्याची ती धास्ती आज अमेरिकेत लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरापाशी येऊन थांबली आहे. हा प्राणी तिथे हौसेने पाळला जातो, काही राज्यांत कायद्याने, काही ठिकाणी चोरून. तो घरातच जन्मतो, गळ्यात पट्टा घालतो, हाकेला येतो. पण तो कुणाला चावला की आरोग्य खात्याच्या लेखी तो कुत्रा राहत नाही.

कुत्रा, मांजर किंवा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) चावले तर त्याला दहा दिवस कोंडून त्याच्यावर लक्ष ठेवतात. या प्राण्यांच्या लाळेत रेबीजचा विषाणू उतरतो तो लक्षणे दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. त्यामुळे दहा दिवसांनंतरही प्राणी धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता हे नक्की होते. संकरित प्राण्याबद्दल हा हिशेब कुणी मांडलेलाच नाही. म्हणून त्याला बहुधा मुदत मिळत नाही. जिवंत प्राण्यात रेबीज नाही असे खात्रीने सांगणारी चाचणी नाही, मेंदूच तपासावा लागतो. तो शाबूत राहावा म्हणून डोक्यात गोळी घालत नाहीत. प्राण्याला इंजेक्शनने मारतात, मुंडके वेगळे करून न गळणाऱ्या पिशव्यांत बांधतात आणि बर्फाच्या पाकिटांसह डब्यात घालून प्रयोगशाळेकडे धाडतात. ते थंड राहायला हवे, पण गोठता कामा नये.

मालक म्हणतात, लस टोचली होती ना! टोचली असेलही, पण अमेरिकेत लांडगा-संकरासाठी परवाना मिळालेली एकही रेबीज लस नाही. कुत्र्याची लस दिली तरी अनेक ठिकाणी कायदा त्याला लस न घेतलेलाच मानतो. मग कित्येक मालक पशुवैद्याकडे ‘हस्की’ किंवा ‘मालाम्यूट’ अशी कुत्र्याच्या जातीची नोंद करवून घेतात. या खोट्या नोंदीची किंमत चावा बसलेल्या माणसाला मोजावी लागू शकते, कारण त्याच्या डॉक्टरसमोर चुकीचा प्राणी उभा असतो.

लस लागू पडणार नाही असे मानण्याला फारसा आधार नाही. कुत्रा ही लांडग्याचीच उपजात, असे 1993 च्या सस्तन प्राण्यांच्या प्रमाण सूचीने मानले. इथिओपियातल्या बाले पर्वतात 2003 साली रेबीज पसरला, तेव्हा तिथल्या दुर्मीळ लांडग्यांना पकडून लस टोचण्यात आली आणि साथ आटोक्यात ठेवता आली. अमेरिकी कृषी खात्यानेही 1999 मध्ये कुत्र्याच्या व्याख्येत लांडगा आणि संकर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. पुढे तो मागे घेतला गेला.

फेरेटची गोष्ट मात्र वेगळी घडली. एकेकाळी चावलेल्या फेरेटचेही मुंडकेच प्रयोगशाळेत जाई. 1990 मध्ये त्याच्या लसीला परवाना मिळाला, पुढे त्याच्या लाळेत विषाणू कधी उतरतो याचे प्रयोग झाले आणि त्याच दशकात त्याला दहा दिवसांची मुदत मिळाली. म्हणजे नियम दगडावरची रेघ नव्हता. पुरावा आला तसा तो बदलला. संकराबाबत तो पुरावा कुणी उभा केला नाही आणि त्याची शिक्षा मुका प्राणी भोगतो आहे. तरीही पुरावा येईपर्यंत नियम सैल करावा असे म्हणता येत नाही. एकदा लक्षणे सुरू झाली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका राहिलेला नाही. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे लोकांना दिसू लागले होते. ग्रासलँड्स ट्रस्ट, ॲट्री आणि एनसीबीएस या संस्थांच्या अभ्यासकांनी जनुकीय तपासणी केली आणि 2023 मध्ये भारतातल्या लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा प्रसिद्ध झाला. इथला संकर कुणाच्या हौसेतून आलेला नाही. गावाचा उकिरडा आणि त्यावर पोसलेली मोकाट कुत्री माळापर्यंत पोहोचली, त्यातून तो आला. ज्या वाटेने कुत्र्याचे रक्त लांडग्यात जाते, त्याच वाटेने रेबीजही जाऊ शकतो.

आपल्याकडे लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. चावला म्हणून मारा आणि मेंदू तपासा, ही सोय इथे नाही आणि नसावीच. त्यामुळे सगळी भिस्त दोन गोष्टींवर राहते. एक म्हणजे माळालगतच्या गावांतली आणि धनगरांच्या वाड्यांवरची कुत्री दरवर्षी टोचून घेणे. दुसरी म्हणजे जखमी माणसावरचे तातडीचे उपचार. दहा दिवस वाट पाहण्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. भारतातल्या मार्गदर्शक सूचना वन्य प्राण्याचा चावा थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, त्याच दिवशी लस सुरू करायची आणि जखमेत रेबीजविरोधी सिरम भरायचे. मेंढरांमागे माळावर असलेल्या माणसाला हे सिरम जिल्ह्याच्या गावी गेल्यावर मिळून भागणार नाही. ते तालुक्याच्या रुग्णालयातल्या फ्रिजमध्येच असायला हवे.